लाभ, आणि त्यापुढचे आठ

पहिला होला मी मोजलाच नाही. बाकीचे आठ मोजले, आणि ते इतके चोख मोजले की एखादा राहिला असेल अशी शंका कुणालाच आली नाही. मला तर येण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्या वयात मला स्वतःविषयी शंका म्हणून यायचीच नाही. माझ्या चुकांची या पुस्तकात आतापर्यंत बरीच गर्दी झाली आहे, पण ही चूक मानाच्या पाटावर बसवायला हवी. बंदूक दुसऱ्याच्या हातात होती, शेत तिसऱ्याचं होतं, थंडी सगळ्यांची सामाईक होती. मला दिलेलं काम एकच होतं, ते म्हणजे मोजणं.

त्या काळात मी जपानमध्ये, तोक्योतल्या ओजिमाला, ताईकडे राहत होतो. पुण्याहून विमानं भरभरून इंजिनिअर येत होते, आणि त्या भरतीत दाजी आधी आले, मग ताई आणि त्यांची मुलगी मुक्ता, आणि सगळ्यात शेवटी, जागा उरली म्हणून भरल्यासारखा, मी. सरकारी वसाहतीतलं नवव्या मजल्यावरचं घर. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि बाहेर कपडे वाळत घालायची एक गॅलरी, तिथून समोरच्या इमारतीतली तशीच गॅलरी दिसायची. मी मधल्या खोलीत चटईवर झोपायचो आणि सकाळी माझं अंथरूण कपाटात कोंबलं की त्या खोलीची बैठकीची खोली व्हायची. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. सांगलीला तिने मला कडेवर घेऊन फिरवलं होतं आणि ओजिमालाही तिचा तोच बेत दिसत होता. जळणारा कचरा कुठल्या वारी, न जळणारा कुठल्या, बाटल्यांची झाकणं वेगळी का करायची, हे तिने मला येऊन आठवडा व्हायच्या आत पाठ करायला लावलं होतं. मी एकदा मंगळवारी चुकीची पिशवी खाली ठेवली, तर ती पिशवी संध्याकाळी दाराशी परत आलेली. त्यातल्या भेंडीच्या देठांवरून कुणीतरी घर बरोबर ओळखलं होतं.

त्या घराचे आवाज आठवायला बसलो की सगळ्यात आधी ऐकू येतो तो कुकरचा न वाजलेला आवाज. ताई राहायला आली त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरचे एक म्हातारे गृहस्थ मिठाईचा खोका घेऊन वर आले आणि कितीतरी वेळा वाकून त्यांनी विचारलं, की आपल्याकडे जे वाजतं ते काय आहे, आणि आम्ही घर सोडून पळायचं का? तेव्हापासून शिटी सुरू होताच ताई ओला टॉवेल टाकून तिला गप्प करायची. मिक्सर तर दुलईत गुंडाळून चालायचा. दुलईतून येणारा शेंगदाण्याच्या चटणीचा तो गुदमरलेला घर्रर्र आवाज मला आजही कुठे ऐकू आला तर भूक लागते. शिट्ट्या मोजायचं काम एक-दोनदा माझ्याकडे आलं आणि दोन्ही वेळा डाळ कच्ची राहिली. ताईने ते काम काढून मुक्ताला दिलं. मुक्ता तेव्हा पहिलीत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर द्यायची ती जपानीत, त्यामुळे घरात कायम दोन रेडिओ एकदम लागल्यासारखं वाटायचं.

मोजण्याचं आमच्या घराण्यात वावडं होतं असं मात्र नाही. सांगलीला आमचं धान्याचं दुकान. वजनकाटा होताच, पण खेड्यातून आलेली माणसं ज्वारी मापानेच मागायची, आणि बाबा मापानेच द्यायचे. पहिलं माप पोत्यात रिकामं करताना ते 'एक' म्हणायचे नाहीत. आमच्याकडे कुणीच म्हणत नाही. पहिलं माप म्हणजे 'लाभ'. लाभ, दोन, तीन, चार. 'एक' म्हटलं की एकावरच अडकतं, 'लाभ' म्हटलं की वाढत जातं, अशी समजूत. बाबांचा 'लाभ' लांबलचक असायचा, देवळातल्या पहिल्या घंटेसारखा, आणि त्यापुढचे आकडे भराभर. मी पोत्यांच्या थप्पीवर बसून ते ऐकायचो. त्याच थप्पीमागे बसलेलो असताना, नववीत असेन, बाबा आईला म्हणाले, "ह्याला दुकानात नको. ह्याला इंजिनिअरच करू." त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली. दुकानात मावणार नाही एवढी माझी बुद्धी आहे, हे बाबांनी इतक्या लवकर ओळखलं, याचं मला फार कौतुक वाटायचं. बाबांचं आणि माझं, दोघांचंही.

आता ओकुदा-सान. तोयोसूला ज्या कंपनीचं काम आम्ही करत होतो तिथले ते ज्येष्ठ. निवृत्तीला थोडंच राहिलेलं, बारीक अंगाचे, आणि बोलण्यात असे काटकसरी की 'सुप्रभात' म्हणतानाही त्यातली दोन अक्षरं ते दुपारसाठी राखून ठेवतात असं आम्हाला वाटायचं. त्यांनी कधीकाळी लिहिलेला एक प्रोग्रॅम माझ्याकडे तपासायला आला. रोजच्या मालाच्या यादीतली पहिली ओळ तो वाचतच नव्हता. दुसरीपासून सुरू करायचा. मला हे सापडलं तेव्हा न्यूटनला सफरचंद लागलं तेवढा आनंद झाला, आणि तो मी भर मीटिंगमध्ये, फळ्यावर चित्र काढून, सर्वांना वाटला. "पहिलीच ओळ राहिली," मी म्हणालो, "मोजणाऱ्याने निदान पहिलं तरी सोडू नये." खोलीत सगळे एकाएकी आपापल्या वहीत बघायला लागले. अशा गोष्टी तिथे कॉफीच्या यंत्राजवळ हळूच सांगायच्या असतात हे मला नंतर दाजींनी सांगितलं, आणि तेही कॉफीच्या यंत्राजवळ हळूच.

ओकुदा-सान मात्र उठले, वाकले, आणि त्या दिवशी संध्याकाळी माझ्या टेबलाशी आले. "हेमान्तो-सान, तुम्ही चांगलं मोजता. रविवारी लवकर उठता का?"

त्यांना शिकारीचा नाद होता. हिवाळ्यातले तीन महिने परवाना असे, आणि दर रविवारी ते तोक्योशेजारच्या चिबाच्या आतल्या बाजूला होले मारायला जात. आजवर बरोबर त्यांच्या पत्नी असायच्या, मोजायला. बाईंचे गुडघे गेले. आता मोजणारा हवा होता. मी लगेच हो म्हणालो. बाबांनंतर माझी बुद्धी ओळखणारा हा दुसराच माणूस भेटला होता.

घरी अडचण होती. ताई अंडंसुद्धा घरात आणू देत नसे. केकवाल्याला ती जपानीत 'अंडं नाही ना' हे एवढं एकच वाक्य अस्खलित विचारायची. म्हणून मी जेवता जेवता म्हणालो, "रविवारी चिबाला जातोय. ऑफिसमधल्या एका साहेबांबरोबर. पक्षी मोजायला." यातला एकही शब्द खोटा नव्हता, हे मी आजही कुणाही न्यायाधीशापुढे सांगेन.

"पक्षी मोजायला तू?" ताई म्हणाली. "तुला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत."

"तिथे शिट्ट्या नसतात."

"मग काय करतात ते पक्षी? एका रांगेत उभे राहतात?"

दाजी पानातच बघत राहिले. पण ताईला मनातून बरं वाटलं असावं, कारण शनिवारी दुपारी खालच्या बागेत जमलेल्या मराठी बायकांना बातमी पोचली, आणि संध्याकाळपर्यंत ती अशी वाढली की जपान सरकार पक्ष्यांची शिरगणती करतंय आणि त्यासाठी शुभांगीच्या भावाला बोलावणं आलंय. पलीकडच्या इमारतीतल्या जोशी वहिनींनी लिफ्टमध्ये मला थांबवून विचारलंही, "यात व्हिसाचं काही होतं का हो? आमच्या ह्यांनाही पक्ष्यांची आवड आहे."

खरी गोष्ट माहीत होती ती मुक्ताला. शनिवारी ओकुदा-सानचा फोन आला तो तिने उचलला होता. ती माझ्या अंथरुणाशी येऊन बसली, दोन बोटं माझ्यावर रोखली आणि हळूच म्हणाली, "तेप्पो." म्हणजे बंदूक. कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे रात्रंदिवस उघड्या दुकानात, कॅरॅमलचं पुडिंग मिळायचं. ते दोनदा आणल्यावर ती बोटं खिशात गेली.

रविवारी उजाडायच्या आत मी ओकुदा-सानच्या गाडीत होतो. मांडीवर ताईने दिलेला डबा, तीळ लावलेली धपाटी आणि लसणाची चटणी, सरकारी कामाला जाणाऱ्याला शोभेल अशी भरपूर. बऱ्याच वेळाने ओकुदा-सान बोलायला लागले, आणि बंदुकीची पिशवी मागे असली की माणूस बोलका होतो की काय, इतकं बोलले.

"बंदूक ज्याच्या हातात त्याने मोजायचं नाही," ते म्हणाले. "त्याचं लक्ष पुढच्या पाखरावर असतं. पडलेलं तो विसरतो. वाईट शिकारी जास्त सांगतो, चांगला कमी सांगतो, बरोबर कुणीच सांगत नाही."

ज्या शेतात आम्ही जात होतो ते त्यांच्या मित्राचं. दोघे उभी हयात एकत्र शिकार करत. मित्र वारला, आणि त्याची बायको, उमेनो-सान, ओकुदा-सानना अजून येऊ देत होती, कारण होले तिचं सोयाबीन उकरून खात. पण गेल्या हिवाळ्यात ओकुदा-सानचा म्हातारा कुत्रा मेला होता, आणि कुत्र्याशिवायच्या एका रविवारी एक पाखरू सापडायचं राहिलं. मेलं नव्हतं. पंख मोडून ते उमेनो-सानच्या अंगणातल्या पर्सिमनच्या झाडाखाली येऊन बसलं, आणि तिला ते तीन दिवस रोज सकाळी बघावं लागलं. चौथ्या दिवशी तिने ओकुदा-सानना फोन करून बजावलं: पडलेला प्रत्येक होला माझ्या ओसरीवर आला पाहिजे. पुन्हा एक जरी शेतात राहिला, तर या रस्त्याला फिरकू नका.

"ते शेत गेलं तर मी बंदूक परत करून टाकणार," ओकुदा-सान म्हणाले. "दुसरीकडे जाऊन कुणाशी बोलू?" मग त्यांनी खिशातून एक यंत्र काढून माझ्या हातात ठेवलं. मुठीत मावणारं, गोल, निकेलचं. अंगठ्याने खटका दाबला की खिडकीतला आकडा एकाने पुढे सरकतो. त्यांच्या पत्नीचं होतं, बोटाच्या जागी चकाकी गेलेली. "पाखरू जमिनीवर पडलं की एकदा. उडालं म्हणून नाही, बार झाला म्हणून नाही. पडलं की एकदा. दुपारी जितके आकडे तितकी पाखरं."

मी यंत्र तपासलं. शून्यावर आणलं. परत तपासलं. माझ्यासारख्या माणसाला हे काम म्हणजे गवयाला टाळ वाजवायला सांगण्यासारखं होतं.

शेताच्या कडेला बांबू आणि जाळीचा आडोसा होता. पुढे कापलेलं सोयाबीन, काळपट खुंट आणि त्यावर पांढरं दहिवर. मागे पाण्याचा एक पाट आणि पाटापलीकडे चहाच्या झुडपांचं कुंपण. आम्ही दोन बुटक्या स्टुलांवर बसलो. कुठूनतरी होला बोलत होता, दे-दे-पो-पो, दे-दे-पो-पो. आपल्या होल्याचाच भाऊ तो, पिसांवर जरा खवले जास्त. पण आपला होला दुपारी लिंबाच्या झाडात बसून रडल्यासारखा बोलतो, आणि हा सकाळी सकाळी सूचना दिल्यासारखा. थंडीने माझे डोळे वाहत होते. मी धपाट्याचा एक तुकडा तोंडात टाकला, उजव्या हातात यंत्र, डाव्यात चटणी.

आणि नेमका पहिला होला आला. डावीकडून आला, आमच्या डोक्यावरून गेला. ओकुदा-सान बसल्या बसल्या वळले, बार झाला. कानात दडे बसले, हवेत दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीचा वास पसरला, आणि ते पाखरू मागे, पाटाच्या पलीकडे कुठेतरी, वरून टाकलेल्या टोपीसारखं पडलं. मी आयुष्यात पहिल्यांदा हे बघत होतो. तोंडात धपाटं होतं, तरी आतून, सांगलीच्या पोत्यांच्या थप्पीवरून, आपोआप आलं, लांबलचक आणि मोठ्याने: "लाऽऽभ."

ओकुदा-साननी झटकन माझ्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. मी ओशाळलो, तोंड मिटलं, आणि पुढे सबंध सकाळ एक अक्षर काढलं नाही. पुढचा होला पडला तेव्हा फक्त अंगठा हलवला. खट. एक. मग खट. दोन. तोंड बंद, अंगठा सुरू, काम कसं यंत्रासारखं. ज्या घटकेला तोंडाने मोजणं थांबवलं आणि अंगठ्याने सुरू केलं, त्या दोघांच्या मधल्या फटीत एक पाखरू पडून गेलं. हे मला तेव्हा कळलं असतं, तर मी या प्रकरणाला मुकलो असतो.

बाकीचे सगळे पुढेच पडले, सोयाबीनच्या खुंटांत. उन्हं वर आली तसे होले यायचे थांबले. ओकुदा-साननी बंदूक रिकामी करून पिशवीत घातली आणि विचारलं, "किती?" मी खिडकी त्यांच्यापुढे धरली. आठ. आम्ही शेतात फिरलो, मी दाखवत आणि ते एकेक उचलत. आठ सापडले. शेवटचा एका ओंडक्याआड होता, तो दिसला तेव्हा मी खिडकीकडे असं बघितलं जसं काही तो मीच तिथे ठेवला होता. ओकुदा-सान माझ्याकडे बघून हसले. ऑफिसात त्यांना हसताना मी एकदाही पाहिलं नव्हतं.

उमेनो-सानचं घर रस्त्यापलीकडे. सत्तरीच्या पुढची बाई, कमरेत वाकलेली, पण नजर सरळ. ओसरीवर वर्तमानपत्र अंथरलेलं तयारच होतं. तिने आठही होले त्यावर ओळीने ठेवले, प्रत्येकाचे पंख मिटवले, एक उदबत्ती लावून हात जोडले. ओकुदा-साननीही जोडले. मीही जोडले, ताईचं नाव मनात घेऊन.

"एवढेच?" तिने विचारलं.

"एवढेच," मी म्हणालो आणि यंत्र पुढे केलं. "आठ."

"या मुलाचं मोजणं फार पक्कं आहे," ओकुदा-सान म्हणाले. "माझी चूक सगळ्यांसमोर काढली याने."

तिने आम्हाला जेवायला घातलं. भात, मुळ्याचं लोणचं, उकडलेली अळकुडी, आणि मी मासे खात नाही म्हटल्यावर सूप उचलून नेऊन त्याजागी भाजलेलं रताळं. मी धपाटी काढली. तिने एक तोडून खाल्लं, बराच वेळ चावलं, म्हणाली, "तिखट आहे," आणि दुसरं घेतलं. दुपार अशी निवांत कलत होती. ओकुदा-सान तिच्या नवऱ्याच्या कुठल्याशा फजितीची गोष्ट सांगत होते, ती तोंडावर हात ठेवून हसत होती, आणि मला कळत होतं की त्यांना होल्यांपेक्षा ही ओसरी हवी असते.

निघायच्या वेळी ती आतून अझुकीचं पोतं घेऊन आली. लाल, बारीक, आपल्या चवळीची तांबडी बहीण. "तुझ्या बहिणीला," म्हणाली. एक जुनं चौकोनी लाकडी माप होतं. ते तिने भरलं, हाताने सपाट केलं आणि माझ्या कापडी पिशवीत ओतलं. दाण्यांचा तो सर्रर्र आवाज, पिशवीचा तळ, मापाचं लाकूड. माझा ताबा कसा राहणार?

"लाऽऽभ," मी म्हणालो.

तिचा हात थांबला. "काय म्हणालास?"

मी खूश झालो. आपल्या संस्कृतीविषयी सांगायची संधी मी त्या काळात सोडत नसे. आमच्याकडे, मी म्हणालो, पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. दुसऱ्यापासून आकडे. माझे वडील असंच मोजतात. ती "होय का, होय का" करत ऐकत होती. ओकुदा-साननी मात्र चहाचा पेला हळूच खाली ठेवला.

"हेमान्तो-सान," ते म्हणाले. "सकाळी तुम्ही हा शब्द म्हणाला होतात."

"हो का?"

"मला वाटलं, तुम्ही प्रार्थना करताय. म्हणून मी गप्प केलं." त्यांनी यंत्राकडे बोट केलं. "तेव्हा खटका दाबला होता का?"

मी यंत्राकडे बघितलं. आठ. मग वर्तमानपत्राकडे बघितलं. आठ. दोन्ही आकडे इतके छान जुळत होते. आणि मला डोक्यावरून गेलेलं ते पाखरू दिसलं, मागे, पाटापलीकडे, टोपीसारखं पडणारं. आम्ही उचलायला मागे गेलोच नव्हतो.

"नाही," मी म्हणालो.

उमेनो-साननी माप पोत्यावर उपडं ठेवलं. ओकुदा-सान तिच्याकडे बघत नव्हते, अंगणातल्या त्या पर्सिमनकडे बघत होते. झाडावर पानं नव्हती, दोन-चार फळं तेवढी टोकाला राहिलेली. मला वाटलं आता ती म्हणेल, फिरकू नका, आणि मग हा माणूस बंदूक परत करेल, आणि उद्या ऑफिसात येऊन दोन अक्षरांचं 'सुप्रभात' करून बसेल. ती उठली, आत गेली. गमबूट घालून बाहेर आली.

"उजेड आहे तोवर," ती म्हणाली.

आम्ही तिघे पाटापलीकडे गेलो. चहाची झुडपं बाहेरून नीट कापलेली, आत काटक्यांचा गुंता. ओकुदा-सान एका टोकाने, ती दुसऱ्या टोकाने, आणि मी मध्ये, ज्याने त्याला पडताना पाहिलं तो एकमेव साक्षीदार. "कुठे पडला?" "इथे कुठेतरी." "कुठेतरी म्हणजे?" मी हात केला तो निम्म्या चिबाकडे. मला चटणी आठवत होती, धपाटं आठवत होतं, दडे बसलेले कान आठवत होते. एक झुडूप वाकवून बघायचं, दुसरं वाकवायचं, बोटं बधिर झालेली. सूर्य डोंगराआड गेला. गावातल्या भोंग्यावर मुलांना घरी बोलावणारी ती संध्याकाळची धून वाजली. ती मला एरवी फार आवडायची. त्या दिवशी ती मलाच उद्देशून वाजतेय असं वाटलं.

"जिवंत असला तर एव्हाना अंगणात येईल," उमेनो-सान म्हणाली. ती कुणालाही उद्देशून बोलली नव्हती.

मी शोधला असं म्हणायची आजही माझी छाती होत नाही. मी घाईने मागे सरलो, पाटाच्या कडेचा चिखल निसटला, आणि मी कमरेपर्यंत पाण्यात गेलो. काठाच्या वर राहिली ती फक्त चष्म्यासकट मान. ती मान झुडपांच्या बुंध्यांच्या बरोबर उंचीला आली होती. आणि तिथे, हातभर अंतरावर, वाळक्या पानांत, तो होता. पंख मिटलेले, डोकं एका बाजूला.

मी त्याला दोन्ही हातांनी वर दिलं. आठ पाखरं मी मोजली होती, पण हातात घेतलेलं हे पहिलंच. ताईच्या एका भाकरीएवढंही वजन नव्हतं. उमेनो-साननी ते उलटंसुलटं करून पाहिलं, पोटाशी बोट लावलं, मान तपासली.

"पडायच्या आधीच गेलाय," ती म्हणाली. "याला काही कळलं नाही." मग ओकुदा-सानना म्हणाली, "पुढच्या रविवारी रताळी करते." आणि मी पाटातून एक पाय बाहेर काढत होतो, तेवढ्यात तिने माझ्यापुढे हात पसरला. मला वाटलं, वर ओढायला. मी हात दिला. तिने हातातलं यंत्र काढून घेतलं.

त्यानंतरचे सगळे हिवाळे ते तिच्याकडेच राहिलं. आडोशामागे तिसरं स्टूल आलं, घोंगडी पांघरून ती बसायची, आणि दर रविवारी पहिला होला पडला की ओठ न हलवता, अगदी हलक्या आवाजात म्हणायची, "लाभ," आणि त्याच क्षणी अंगठ्याने खटका दाबायची. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात हे तिने मला मुद्दाम दाखवलं असं मी म्हणत नाही. पण दाबताना ती माझ्याकडे बघायची. मी डबा आणायचो. तेवढं काम माझ्याकडे ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी घरी आलो तो ओकुदा-सानच्या पायजम्यात, पोटऱ्या उघड्या, हातात अझुकीची पिशवी. रविवारी संध्याकाळी सांगलीला फोन लावायचा आमचा नेम होता. फोनकार्डावरचे लांबलचक आकडे ताईच दाबायची, माझ्यावर सोपवत नसे. फोन स्पीकरवर होता, बाबा पलीकडून पावसापाण्याचं विचारत होते, आणि मी दारात उभा.

"हे काय?" ताई म्हणाली. "सरकारने पाण्यातले पक्षी मोजायला लावले का?"

मला काही सुचायच्या आत मुक्ता सोफ्यावर उभी राहिली. पुडिंगची मुदत संपली असावी. "तेप्पो," तिने सगळ्यांना सांगितलं, आणि दोन्ही हातांनी नेम धरून आवाजही काढून दाखवला.

मग सगळं सांगावं लागलं. होले, आडोसा, धपाटं, लाभ, खटका, पाट. ताई मध्येच खाली बसली. "माझी धपाटी," एवढंच दोनदा म्हणाली. "मी मारले नाहीत गं," मी म्हणालो, "मी फक्त मोजले." "तेही नाही मोजलेस," दाजी म्हणाले. दाजी महिन्यातून एकदा बोलत.

मला वाटलं, फोनची लाइन एव्हाना तुटली असेल. मग बाबांचा आवाज आला, दुकानातला, गिऱ्हाइकाशी बोलायचा.

"एकूण किती होते म्हणालास?"

"नऊ, बाबा."

"आणि तू सांगितलेस आठ."

"लाभ म्हटलं ना मी पहिल्याला. त्यामुळे..."

"अरे, लाभ म्हटलं तरी माप पोत्यात पडतंयच की."

ताई तोंडावर पदर धरून हसायला लागली होती. मी पिशवी खाली ठेवली. मनात म्हटलं, आता बाबा समजूत घालतील, शेवटी इंजिनिअर मुलगा आहे, परदेशात आहे.

"शुभे," बाबा म्हणाले, "मी तुझ्या आईला तेव्हाच सांगितलं होतं बघ. ह्याला दुकानात बसवलं तर दर पोत्यामागं एक माप फुकट जाईल. म्हणून तर इंजिनिअर केला."